पूर्वी तुमचे बंधुराज काय काय करायचे

प्रिय वन्सं,

वहिनीचा नमस्कार. वयाने तुम्ही माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण नात्याने मान तुमचा, म्हणून नमस्कार आधी आणि आशीर्वाद मागून, दोन्ही एकदमच घ्यावेत. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम रोज करता, की डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी एकदम सगळे करता (मी तसंच करते)? भावोजींचा खोकला गेला असेल. नसेल गेला तर तो आता घरातलाच झाला म्हणायचा. आमच्याकडे तसं सगळं ठीक. पत्राला खास कारण असं काही नाही. फोनच करणार होते, पण हल्ली मी फोनवर बोलू लागले की तुमचे बंधुराज शेजारी येऊन उभे राहतात आणि फोन ठेवल्यावर किती मिनिटं झाली ते सांगतात. तेव्हा म्हटलं, लिहावं. आत्ता ते आतल्या खोलीत पडले आहेत, आणि जागे झालेच तर मी गिऱ्हाइकांची मापं उतरवते आहे असं त्यांना वाटेल.

मी दमले आहे, वन्सं. अंगाने नाही म्हणत मी. कपडे दुरुस्तीचं काम पूर्वीइतकंच आहे, चेन बदला, कंबर सैल करा, पँट आखूड करा. गिऱ्हाइकं जाड होतात आणि बारीक होतात, त्याने माझं बिघडत नाही. बिघडलं ते हे निवृत्त होऊन घरी बसले तेव्हापासून. तुमचे बंधुराज पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं टाइमकीपर. गेटाजवळच्या त्या खिडकीत बसायचं, कोण किती वाजता आत गेलं आणि किती वाजता बाहेर पडलं ते हजेरीच्या रजिस्टरात मांडायचं. कारखाना सुटला, पण खिडकी सुटली नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या शिलाई मशीनशेजारी खुर्ची टाकली आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या वेळा लिहायला घेतल्या. कोपऱ्यावरच्या घरातली सून शर्ट न्यायला आली तर तिला म्हणाले, तुम्ही मंगळवारी येणार होता, आज बुधवार आहे. ती बिचारी आजवर परत आलेली नाही. मी भाजी फोडणीला टाकली की हे ओट्याशी येऊन सांगायचे, काल आपण हे सव्वाअकराला केलं होतं. माझा जीव अगदी मेटाकुटीला आला.

(आता इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल वहिनी नुसती भावाची उणीदुणी काढायला बसली आहे. निरोपसमारंभाच्या दिवशी फाउंड्रीतली धिप्पाड माणसं ह्यांच्या गळ्यात पडून रडत होती. टाइमकीपरसाठी कोण रडतं? त्याचं कारण मला घरी आल्यावर कळलं, आणि तुम्हालाही ते माहीत नसेल. कुणी उशिरा आला आणि कारण खरं असलं, म्हणजे घरी आजारपण, मूल तापलेलं, तर हे त्याची हजेरी वेळेवर मांडायचे आणि नावासमोर पेन्सिलीने एक टिंब द्यायचे. बारीक, माशीच्या पायाएवढं. त्याचा अर्थ, हा माणूस नव्हता, पण होता असं मी लिहिलं आहे. मग तो माणूस आपणहून पाळी संपल्यावर थांबायचा, राहिलेलं काम पुरं करायचा आणि जाताना खिडकीत नुसती मान हलवायचा. हे रबराने टिंब खोडायचे. त्यावर एक अक्षर कुणी कधी बोललं नाही. चौतीस वर्षांत एकही टिंब महिनाभराच्या वर राहिलं नाही, आणि शेवटच्या दिवशी ह्यांनी सगळी रजिस्टरं उलटून पाहिली, एकही उरलं नव्हतं. असो, मूळ मुद्द्यावर येते.)

मूळ मुद्दा असा की माणूस घराबाहेर काढायला हवा होता. आमच्या रस्त्याच्या टोकाला वाचनालय आहे, तिथे मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा फुकट वर्ग निघाल्याची पाटी मला दिसली. रोज नऊ ते अकरा. मी घरी येऊन म्हटलं, मुलीच्या सासरी सगळी इंग्रजी बोलतात, तुम्ही नुसते हसत बसता, बरं दिसत नाही. खरं तर तिच्या सासरी कुणीच धड इंग्रजी बोलत नाही, पण ह्यांना पटलं. विशेषतः नऊ हा आकडा पटला. दुसऱ्या दिवशी पावणेनऊला वर्गाच्या दारात उभे, आणि शिकवणाऱ्या बाई नऊ वाजून चार मिनिटांनी आल्या तेव्हा ह्यांनी त्यांना घड्याळ दाखवलं. बाई तरुण आहेत, हसल्या. दोन तास घर माझं झालं. मी नुसती बसून राहायचे, मशीनसुद्धा चालवायचे नाही. पण वन्सं, धोंडा मी आपल्याच हाताने पायावर मारून घेतला होता.

दोन महिने बरे गेले. मग तो धडा आला. मला तो जसा ह्यांच्याकडून कळला तसा सांगते. इंग्रजीत यूज्ड टू म्हणून दोन शब्दांची जोडी आहे. पूर्वी आपण एखादी गोष्ट नेहमी करायचो आणि आता करत नाही, तर ती जोडी वापरायची. एखाद्या गोष्टीची आपल्याला सवय आहे, तरी तीच जोडी, फक्त मागचापुढचा एखादा शब्द बदलायचा. आणि सवय अजून झालेली नाही, होते आहे, तरी पुन्हा तीच. हे म्हणाले, त्या दोन शब्दांना तिन्ही पाळ्यांत कामावर लावलं आहे, ह्या लोकांकडे माणसं कमी आहेत का? त्यांना मनापासून दया आली. त्यात पुस्तकातली उदाहरणं सगळी सिगारेटची. पूर्वी मी सिगारेट ओढायचो, पूर्वी तो सिगारेट ओढायचा. वर्गात एक निवृत्त परिचारिका आहेत, जन्मभर लोकांना सिगारेट सोडा म्हणून सांगत आल्या. त्यांनाही उभं राहून, पूर्वी मी सिगारेट ओढायचे, असं दहा वेळा म्हणावं लागलं. केस कापणारे एक गृहस्थ आहेत, ते खरंच ओढतात, त्यांना मी सोडली आहे असं म्हणवेना. हे घरी येऊन गॅलरीत मोठमोठ्याने तेच वाक्य पाठ करत होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंना तेवढं इंग्रजी येतं. संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठून हलक्या आवाजात विचारलं, आता फुप्फुसं कशी आहेत?

मग बाईंनी गृहपाठ दिला. पूर्वी मी काय करायचो, जे आता करत नाही, अशी स्वतःच्या आयुष्यातली दहा वाक्यं. वन्सं, हे तीन संध्याकाळी वही घेऊन बसले. पहिल्या संध्याकाळी दोन वाक्यं झाली. पूर्वी मी सहा वाजून दहा मिनिटांनी घरातून निघायचो. पूर्वी मी साडेबाराला डबा खायचो. दुसऱ्या संध्याकाळी आणखी दोन. पूर्वी मी रजिस्टर लिहायचो. पूर्वी मी रविवारी सायकलला तेल घालायचो. तिसऱ्या संध्याकाळी एकही नाही. परिचारिकाबाईंची म्हणे बावीस वाक्यं झाली होती, नाटकात काम करायच्या, तळ्यात पोहायच्या, कुणाला तरी पत्रं लिहायच्या. हे वहीकडे बघत बसले होते आणि मी एका कोटाची उसवलेली बाही जोडत होते. मग हे म्हणाले, माझं पूर्वी असं काही नाहीच गं. नुसतं रजिस्टर आहे.

तक्रार नव्हती त्यात. भाजीत मीठ नाही म्हणावं तसे म्हणाले. मला फार वाईट वाटलं. सुई हातात धरून मी म्हटलं, नाही कसं? तुम्ही नाही का जिन्यात बसून माउथ ऑर्गन वाजवायचात? (हे खरं आहे, तुम्हालाही आठवत असेल. मुलगी झाली, ती आवाजाने दचकून उठायची, म्हणून बंद केलं.) हे म्हणाले, आठवत नाही बुवा, पण असेल. लिहिलं. पाच झाली. आता पुढची पाच कुठून आणायची? आणि इथे, वन्सं, माझी जीभ घसरली. मी म्हटलं, आणि सकाळी मला चहा करून द्यायचात ते?

हे म्हणाले, मी? मी म्हटलं, मग कोण? वर्षानुवर्षं द्यायचात. मी मान खाली घालून टाके घालत होते. मग त्यांनी वहीत लिहिलं, आणि उठून पेन्सिलीला टोक काढून आले. (लिहीत होते पेनाने. काही माणसांना विचार करायला पेन्सिलीला टोक काढावं लागतं.) पुढे मला थांबताच येईना. संध्याकाळी पाचला मला फिरायला न्यायचे. मी शिवत असले की जवळ बसून वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. जेवताना, छान झालंय, म्हणायचे. आणि दिवस संपला की, आज तू काय काय केलंस, असं विचारायचे. धडाधड पाच. मुद्दाम रचावी लागली नाहीत, तोंडातून आपोआप आली, जणू कुठे तरी ओळीने लावून ठेवलेलीच होती. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, वन्सं. यातलं एकही त्यांनी एकदासुद्धा केलेलं नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? पहिली चार वर्षं तुम्ही शिकायला आमच्याकडेच होता. सकाळचा चहा एक दिवस तुम्ही करायचा, एक दिवस मी, आणि आयता पिऊन सहा दहाला कोण बाहेर पडायचं?

बाईंनी वहीवर छान असा शेरा दिला. एखाद्या सरळ माणसाचं तिथेच संपलं असतं. पण टाइमकीपराच्या डोळ्यांना दहा कामांची यादी दिसली आणि पुढे एकही खूण नाही, म्हणजे त्याच्या मते ती कामं राहिलेली असतात. यादी पूर्वीची आहे, आता व्हायची नाही, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. हे म्हणाले, मग बंद का पडली? कुणाच्या हुकमाने? सहा ते दहा नंबरची कामं आणि माउथ ऑर्गन मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून त्यांनी कॅलेंडरशेजारी लावली, आणि दुसऱ्या दिवसापासून पाळी सुरू.

पहाटे पाच पन्नासला चहा. मी साडेसहाला उठते, पण चहा पाच पन्नासला येतो, आणि तो उठून बसून प्यावा लागतो, कारण हे कप परत न्यायला उभे असतात. एका कपाला सात भांडी लागतात, ती मी घासते. पहिला महिना तो चहा म्हणजे नुसतं गरम पाणी होतं आणि त्यात साखर. वर्तमानपत्र पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यापासून, तारखेसकट. निविदा वाचतात, हरवले आहेत वाचतात, जाहीर नोटिशी कलमांसह वाचतात. कोर्टाच्या एका नोटिशीपायी परवा मी एका गृहस्थांच्या दोन्ही पाय एकाच लांबीचे असलेल्या पँटचा एक पाय आखूड केला. जेवताना, छान झालंय, हे पहिला घास तोंडात जायच्या आधीच येतं. एकदा भाजी करपली, सगळ्या घरात वास, तरी छान झालंय. माउथ ऑर्गनच्या दोन पट्ट्या गेल्या आहेत, त्यामुळे गाणं अर्ध्यावर येऊन खोकतं. रात्री जेवण झालं की समोर बसून विचारतात, आज तू काय काय केलंस? दिवसभर इथेच तर होते, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तरी विचारतात, आणि मी सांगते.

आणि पाचला फिरणं. सुरुवातीला हे दहा पावलं पुढे आणि मी मागे, रस्त्याला वाटायचं दोन अनोळखी माणसं एकाच कामाला निघाली आहेत. वळणावर थांबून घड्याळ बघायचे. आता पावलं तीनावर आली आहेत. परवा बेकरीपाशी तर एकाच रेषेत होतो. मला धाप लागते, गुडघे माझेही काही तुमच्याहून बरे नाहीत, पण पाच वाजले की माझी मान आपोआप दाराकडे वळते. बाईंच्या धड्यातली ती तिसरी पाळी असते ना, सवय होते आहे वाली, ती माझी चालू आहे, वन्सं, आणि मला त्याचीच धास्ती आहे. हे घरात नसण्याची सवय करून घ्यायला मला कितीतरी वर्षं लागली होती. ती मोडली. आता ह्या चहाची झाली आणि एक दिवस तो बंद झाला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं त्राण माझ्यात नाही. असो. फार झालं. दमलेल्या माणसाने पत्र लिहू नये, ते लांबतं.

पुढच्या महिन्यात तुम्ही येणारच आहात. दुसऱ्या शनिवारी त्यांच्या वर्गाचा समारोप आहे, तो बघूनच जा. भावोजींना नमस्कार सांगा. गुडघ्याला शेक द्या, आणि दिलात तर दिला म्हणून कळवा, नाहीतर मी ह्यांना फोन करायला बसवीन.

तुमची,
दमलेली वहिनी

ता. क. येताना तुमचा तो राखाडी कोट आणा. त्याची चेन बदलून देते. चेन इथूनच घेईन, तुम्ही आणू नका, मागच्या वेळी आणलेली दुसऱ्याच रंगाची होती.

ता. क. २. आता खरं काय ते लिहिते. समारोपाला प्रत्येकाने पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं आहे, आणि हे ती दहा वाक्यं बोलणार आहेत. वर्गातल्या केस कापणाऱ्या गृहस्थांनी म्हणे शंका काढली की असा नवरा त्यांनी खुर्चीत बसलेल्या एकाही गिऱ्हाइकात पाहिलेला नाही. तेव्हा हे म्हणाले, माझी बहीण येणार आहे, ती तेव्हा आमच्याच घरात राहत होती, तिला विचारा. वन्सं, सगळ्यांसमोर तुम्हाला विचारतील. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. माझ्या पहिल्या स्वयंपाकाला सगळे छान म्हणाले होते, मीठ नाही असं एकट्या तुम्हीच म्हणालात. मी त्याचा राग धरलेला नाही (थोडा धरला आहे). पण ह्या वेळी पाया पडते, हो म्हणा. नुसतं, हो, दादा असं करायचा, एवढं. पूर्वी आपण चांगलं काही करत होतो असं त्यांना वाटू लागलं आहे, चालताना मान वर असते. खोटं आहे असं कळलं तर ते शरमेने सगळं एका दिवसात बंद करतील, रजिस्टरात चूक सापडली की ते पानच बंद करायचे तसं. आणि माझ्याने ते बघवणार नाही. वाक्यं पाठ करून या. वही त्यांच्या कप्प्यात असते, थांबा, हे अजून झोपले आहेत तोवर जशीच्या तशी उतरवून घेते.

ता. क. ३. वही पाहिली. वरचं रद्द समजा. काही पाठ करू नका.

भिंतीवरच्या कागदावर नाही, पण वहीत सहा ते दहा, माझ्या पाचही वाक्यांसमोर, पेन्सिलीचं एकेक टिंब आहे. माशीच्या पायाएवढं. मी शिवणाचा चष्मा लावून दोनदा पाहिलं. त्यांच्या चार वाक्यांसमोर नाही. आठवत नाही म्हणाले त्या माउथ ऑर्गनसमोरसुद्धा नाही. एकही खोडलेलं नाही, आणि यादी लागून तीन महिने झाले. मी कप्प्याशी उभी राहून रडले, मग तोंड धुतलं.

तुम्ही फक्त या, आणि मला टिंबं दिसली हे ह्यांना कळू देऊ नका. रबर त्याच कप्प्यात होतं. ते मी माझ्या बटणांच्या डब्यात तळाशी टाकलं आहे, वर चार मुठी बटणं. पाच वाजून दोन मिनिटं झाली आहेत, हे चपला घालून दारात उभे आहेत, घड्याळ बघतात आणि काही बोलत नाहीत.